बादली की पोतं?

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही, आणि ती तर त्याच घरात एकवीस वर्षं राहिली. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे कोणी लागत नाही — बहुधा म्हणूनच.

एकाहत्तरचा हिवाळा. भिंगारच्या एका हायस्कुलात मी इतिहास शिकवायचो. लष्कराचं गाव, रस्त्याने रणगाडे गेले की टेबलावरची खडूची डबी आपोआप कडेला सरकायची. त्या दिवसांत ते ताडपत्र्या पांघरून स्टेशनाकडे निघाले होते. पूर्व बंगालात लोक उठले होते, त्यांच्यावर त्यांच्याच देशाचं सैन्य तुटून पडलं होतं, आणि आता त्यांच्या मदतीला आपलं सैन्य जाणार, असं जो तो म्हणत होता. गाव हार घेऊन उभं. मी मात्र जन्माचा संशयी — दूधवाल्याने आपणहून मापावर चार थेंब जास्त घातले तरी भांड्यात डोकावून बघणारा. रेडिओ ऐकताना डोक्यात एकच किडा वळवळायचा. आपण नेमके कशासाठी चाललोय? त्या बायकामुलांचे हाल बघवत नाहीत म्हणून? निर्वासितांचे लोंढे थांबावेत म्हणून? की वैऱ्याचं घर दुभंगतंच आहे, तर वाहत्या गंगेत हात धुऊन घ्यावेत म्हणून? कोणी कोणाकडे उगाच जातं का?

प्रश्न वाईट नव्हता. स्टाफरूममध्ये तोंड वर करून विचारला असता तर आज ही वेळ आली नसती. पण लष्करी गावात, ऐन लढाईच्या तोंडावर? माझी छाती झाली नाही.

शाळेच्या दाराशी सुविचाराचा फळा होता. प्रत्येक शिक्षकाला एकेक वार लावून दिलेला. माझा सोमवार, शलमोन सरांचा गुरुवार. शलमोन गणित शिकवायचे. मूळचे इकडच्याच खेड्यातले, ख्रिस्ती. शाळेच्या आवारातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचे. बायको रूथबाई दम्याने बेजार. फळ्यावर आम्ही सगळेच ट्रेनिंग कॉलेजात घोटलेलं वळणदार अक्षर काढायचो. कोणाचं कोणतं, ते देवालाही कळू नये.

एका गुरुवारी मी लवकर आलो आणि लिहिलं: 'शेजारच्या घरची आग विझवायला निघालेल्याच्या हातात आधी बघा — बादली आहे की पोतं?'

लिहून मागच्या दाराने सटकलो. हसू येत होतं, खरं सांगतो. आपण फार हुशारी केली असं वाटत होतं.

आधी पाहिलं ते शिपाई गेनूमामाने. "कुनी लिव्हलं हे? लई वंगाळ लिव्हलंय," म्हणत तो हेडमास्तरांना घेऊन आला. हेडमास्तरांनी कोणी लिहिलं असं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "आज वार कोणाचा?" मी तिथेच उभा होतो, चार पावलांवर.

शलमोन म्हणाले, "मी नाही लिहिलं, सर. पण विचारलंय ते खोटं कुठंय?" हे दुसरं वाक्य ते बोलले नसते तर पहिलं कदाचित टिकलं असतं. दुपारपर्यंत कुजबुज सुरू झाली — मिशनवाले ते, त्यांना आपल्या लढाईचं काय? हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. "त्यांना परदेशातून पत्रं येतात म्हणे?" यायचं. एकच, नाताळात, लहानपणी त्यांना शिकवून मायदेशी परतलेल्या एका म्हाताऱ्या बाईंचं. मी म्हणालो, "येतात." पुढचं काही बोललो नाही. खरं बोलून इतकं खोटं मी दुसऱ्यांदा कधी बोललो नाही.

मग मी शलमोनांच्या घरी गेलो — हो, मदतीला! म्हणालो, माफी लिहून द्या, विषय मिटेल. मसुदाही मीच करून दिला. त्यांनी सही केली. तोच कागद पुढे धरून संस्थेने त्यांची बदली अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाखेत केली, जिथे चार महिने भिंतींना ओल सुटते आणि डॉक्टर गाठायला जीपची वाट बघावी लागते. रूथबाईंच्या दम्याचं तिथे काय होणार, हे मला कळत नव्हतं का?

आतापर्यंत मी भित्रेपणाच सांगत आलो, कारण त्यातल्या त्यात तो सांगायला सोपा. पण मी गुरुवारच का निवडला? चार दिवस थांबलो असतो तर माझाच सोमवार होता. मी बाजारात एका खोलीत राहत होतो, सात बिऱ्हाडांत एक नळ. त्या क्वार्टरसाठी दोनदा अर्ज केला होता, दोनदा नाही म्हणून आलं होतं. खडू हातात घेताना हे माझ्या मनात होतं का? साऱ्या जगाच्या हेतूंवर संशय घेत होतो, या एका हेतूकडे तेवढा बघितला नाही. आज बघतो. होतं. मला ठाऊक होतं गुरुवार कोणाचा, आणि ते घर कोणाचं.

तिकडची लढाई संपली. आपले हेतू काय होते ते अजूनही मला सांगता येत नाही. असतील चांगलेवाईट मिसळलेले. पण तिथली आग विझली तरी. इथली तर मीच लावली होती.

ते निघाले त्या दिवशी भांडी भरायला मी घरून दोन पोती घेऊन गेलो. टेम्पोत सामान चढवू लागलो. शलमोनांनी किल्ली माझ्या हातात दिली. "घर तुम्हीच मागून घ्या सर. आमच्यासाठी लई केलंत तुम्ही." रूथबाईंना बोलताना धाप लागत होती. तरी त्या मोरीपाशी थांबल्या. म्हणाल्या, "नळाला सकाळचं येकदाच पानी येतं, भरून ठिवा. बादली ऱ्हाऊ दिलीय तुमच्यासाठी."

पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. मला गेनूमामाकडून कळलं. मी पत्र लिहिलं नाही.

बादली पत्र्याची होती, चांगली जाड. आम्ही ती बरीच वर्षं वापरली.