नातीचा खेळ मी खेळली

मी अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवाची, घरोघरून पोट्टे गोळा करून आनाचे, नाकं पुसाची. लिवनं-वाचनं येत नाई, सहीपुरतं नाव काढतो.

पोरगा-सून तेलंगणात मिरची तोडाले जात. नात माह्यापाशी राहे. साडेतीन वर्षाची झाली तरी बोले नाई. मी म्हनो, तिचा बापही उशिराच बोलला. नळावर शेजारीन म्हने, "काऊन वं बाई, तुह्या नातीनं मौन धरलं का?" मी हंडा उचलून घरी येवो.

मंग अंगणवाडीत टॅब आला. त्यात खेळ होते. गाय हंबरे, कोंबडा आरवे, अन् पोट्ट्यानं त्याच जनावराच्या चित्राले बोट लावाचं. बरोबर लागलं का फुगे उडत. पोट्टे हासून लोळत. टॅबात हरेक पोट्ट्याचा फोटो होता, त्याखाली रंग ये. जमलं त हिरवा, नाई त लाल. माही नात कायलेही बोट लावे. गाय हंबरली तरी मासोळीच दाबे, मासोळी चमके म्हनून. तिचं लालच्या लाल.

सेविकाबाई म्हनली, "बाई, या लालापायी वरून मलेच विचारतीन." तिनं मले काई कर म्हनलं नाई. मीच केलं. पोट्टे घरी गेले का भांडे घासून, पदराले हात पुसून, नातीचा फोटो दाबो अन् खेळो. जनावराचे आवाज त जनमभर ऐकले. महिन्याभरात सारं हिरवं झालं. मले बरंही वाटलं, खोटं काऊन सांगू.

थंडीत गाडी आली. एक म्याडम, एक डॉक्टर. ज्याइचं लाल, त्याइचे कान तपासाचे होते. तवा मले कळलं तो खेळ कायचा होता. मी नातीले पुढं केलं. म्याडमनं टॅब पाह्यला.

"आजी, हिचं त सगळं हिरवं आहे. हिले बरोबर ऐकू येते."

"ते मी खेळली, बाई."

म्याडम हासली. "मंग तुमी पहिल्या नंबरानं पास!"

मी पुन्हा सांगतलं. सेविकाबाई खाली पाहे. डॉक्टर म्हनला, यादीत नाव नाई, पुढच्या खेपेले पाहू.

पोराले फोन केला, पोरीले वडस्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखव म्हनलं. तो म्हनला, "माय, म्याडमपेक्षा तुले जास्त कळते का?"

पुढची खेप दोन वर्षानं आली. पोरगी ठार बहिरी निघाली. डॉक्टर म्हनला, लहानपनीच यंत्र लागलं असतं त बोलली असती, आता कठीन आहे. तरी यंत्र देल्लं. ते कानात टोचते म्हनून नात काढून फेकते.

आता शाळेत जाते, मांगं बसते. घरी मी हात हालवून बोलावतो. तिची पाठ असली का उठून तिच्यापुढं जा लागते.