भिंत लाल झाली त्याची गोष्ट

दगडफूलबाईंनी घरातल्या कुणाचा तरी निकाल लावला, ही बातमी गल्लीत पक्की झाली होती. नवऱ्याचा की दिराचा, एवढाच वाद उरला होता. दोघे भाऊ दिसायला इतके सारखे की नक्की कोण दिसेनासा झालाय, हेच कुणाला सांगता येईना. पण मागच्या भिंतीवरचे लाल डाग समोरच्या शिंपीणबाईंनी स्वतः पाहिले होते. संध्याकाळी दोघेही एकाच स्कूटरवरून घरी आले आणि गल्लीचा पार विरस झाला.

रक्त कसलं, ती सासूबाईंची कामगिरी होती.

बाई संग्रहालयात दगडफुलं ओळखतात. दगडावर, सालीवर चिकटून बसलेली करड्या पापुद्र्यांची ही मंडळी. त्यांची नावं शोधायची, हाच पोटापाण्याचा उद्योग. कुणाकडे पाहुण्या गेल्या तरी घर नंतर, आधी कुंपण बघणार. स्वतःच्या मागच्या भिंतीवर तर त्यांचा भारी जीव. नवऱ्याला ती खरवडून पांढरी करायची होती. बाई म्हणत, तिथे दोन वेगळ्या प्रजाती शेजारी नांदताहेत. एक थेंब ब्लीच टाकून, भिंगाखाली त्यांनी त्याला फरक दाखवलाही. त्याला काही म्हणता काही दिसलं नाही. शेवटी जनुकांच्या तपासणीवर सोडायचं ठरलं. दोन निघाल्या तर भिंत वाचली, एकच निघाली तर बाईंनीच खरवडायची.

पहिला अहवाल आला: पावाचं यीस्ट. नमुना काढायला बाईंनी घाईघाईत स्वयंपाकघरातली सुरी उचलली होती, पावाचं पीठ कापलेली, न धुतलेली. नवरा शीळ घालत फिरू लागला, रंगाऱ्याला निरोपही गेला. बाईंनी दोन्हीकडच्या पापुद्र्यांचे नमुने पुन्हा पाठवले, नव्या पात्याने काढून.

तो अहवाल यायच्या आत सासूबाईंनी लेकाची बाजू घेऊन परस्पर भिंतीवर बादलीभर ब्लीच ओतलं. डावीकडचे पापुद्रे डोळ्यांदेखत लालभडक झाले, उजवीकडचे ढिम्म करडेच. सासूबाईंची किंकाळी ऐकून बाई धावत आल्या. आता आपली खैर नाही, म्हणून सासूबाईंनी बादली पुढे धरली, तर सुनेने बादलीसकट मिठी मारली. काही दगडफुलांच्या अंगात असं द्रव्य असतं, की ब्लीच लागलं की ती लाल होतात. काहींत ते नसतंच. थेंबाने जे नवऱ्याला पटलं नाही, ते बादलीने सासूबाईंना पटलं. मग दोघींनी पदर खोचून भिंतीवर भराभर पाणी मारलं, पापुद्रे जगावेत म्हणून.

नवरा मात्र अडूनच. रंगाबिंगाचं सांगू नका, ठरलंय जनुकांचं. दुसरा अहवाल जेवताना वाचला गेला: प्रजाती दोन. दीर खो खो हसला. नवऱ्याचे कान लाल झाले, गाल लाल झाले, तरी तो कुरकुरलाच, की दिसायला तर दोन्ही एकच आहेत.

बाईंनी शांतपणे त्याला भाजी वाढली.

"तुम्ही दोघेही दिसायला एकच आहात," त्या म्हणाल्या. "भाऊजींवर बादली ओतली तरी ते हसतात. तुम्हाला एक थेंब पुरतो."