‘न उघडणारी’ आणि ‘न उघडलेली’: किन्हीराजाच्या बरडावर दोन दिवस

जायचं ठरलं ते एका फोटोवरून. माझी नणंद शोभा वाशीम जिल्ह्यात, किन्हीराजाच्या पुढे, शेतातल्या घरात राहते. ऑगस्टच्या अखेरीस एका संध्याकाळी तिनं मला एका अळंबीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘वैनी, बरडावर हे निंगाले. मनीषा म्हनते भाजी करू. खाता येते काय?’

मनीषा तिची सून. सातवा महिना. नवरा पुण्यात नोकरीला आहे. माहेर गडचिरोलीकडचं, त्यामुळे पावसाळ्यात रानातल्या अळंबीची भाजी मिळाली नाही की तिला जेवल्यासारखं वाटत नाही. वाशीमकडे मात्र ही कुत्र्याची छत्री म्हणून लाथेनं उडवतात.

फोटो बघून मी उठून बसले. उभट, खवलेदार, मिटलेली छत्री आणि ताठ दांडी. पोडॅक्सिस. मुरमाड, कोरड्या, गवतही धड येत नाही अशा बरड जमिनीत, बहुधा वारुळाच्या आसपास उगवते. कोवळी असताना खातात. चाळीस वर्षांपूर्वी बी.एस्सी.ला असताना ही मी फक्त फॉर्मॅलिनच्या बरणीत पाहिली होती, नंतर शाळेत विज्ञान शिकवताना पुस्तकातही तिचं नाव नव्हतं. जिवंत कधीच दिसली नाही. शोभाला दोन ओळींत उत्तर पाठवलं, ‘सकाळी निघते’ असं कळवलं आणि बॅग भरायला घेतली.

अकोल्याहून सकाळी साडेसहाची मंगरूळपीरची एसटी घेतली. आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही. मानेचं दुखणं असेल तर मागच्या सीटवर बसू नका, आणि खिडकी उजवीकडची घ्या, सकाळचं ऊन लागत नाही. बार्शीटाकळी सुटलं की दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि मधून तुरीच्या ओळी. आठ दिवस उघडीप होती, पण रात्री सर पडून गेली असावी. हवा छान होती. हे सगळं मी महान गावापर्यंतच पाहिलं.

महानला शोभाचा आवाजी संदेश आला. फोन कानाला लावायच्या आत तो मोठ्यानं वाजला.

“वैनी, तुमी लिवलं तसंच केलं पाहा. न उघडलेलेच तोडले. उघडलेला एकबी नाई घेतला. टोपलंभर झाले. आता भाजी टाकतो.”

शेजारची बाई हसली. “जोरदार बेत दिसते तुमच्याकडं!”

मी हसले नाही. ‘न उघडलेलेच’ हा शब्द मला खटकला. मी तर ‘न उघडणारी’ म्हटलं होतं. शोभाला नीट वाचता येत नाही की काय, असं मनात म्हणत मी आदल्या संध्याकाळचा माझा संदेश काढला. तिथं लिहिलं होतं: ‘छत्री न उघडलेली असेल तेवढीच घ्यावी, उघडलेली टाळावी.’

चूक शोभाची नव्हती.

हा फरक वाचकांनी नीट समजून घ्यावा. न उघडणारी म्हणजे म्हातारी होऊन काळी पडली तरी जिची छत्री फाकत नाही ती. ती पोडॅक्सिस. न उघडलेली म्हणजे आज सकाळी बंद असलेली कुठलीही. आपल्याकडे शेणखताच्या कडेला, हिरवळीवर एक मोठी पांढरी अळंबी येते. तिच्या बीजाणूंचा रंग हिरवट असतो. तिच्यानं दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि माणूस पार कोरडा पडतो. शिजवली म्हणून भरवसा नाही. तीसुद्धा पहिल्या सकाळी अंड्यासारखी मिटलेलीच असते. मुलांच्या वह्यांत असल्या चुकांवर मी तीस वर्षं लाल रेघ मारली.

संदेशासोबत टोपल्याचा फोटो होता. तो बोटांनी मोठा केला. बरेचसे उभट, खवलेदार होते. पण कडेला काही गोल, गुळगुळीत होते, आणि त्यांतल्या एकाच्या दांडीभोवती बांगडीसारखं कडं दिसत होतं. पोडॅक्सिसला असं कडं नसतं.

फोन लावला. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर.’ मनीषाचा बंद. शोभाचे यजमान दिनकरराव शेतात फोन नेतच नाहीत. ‘खाऊ नका, फेकून द्या’ असं तीनदा लिहिलं. तिन्हींवर एकच खूण, म्हणजे पोचलेलं नाही. कंडक्टरला विचारलं, गाडी शेलूबाजारला कधी पोचेल?

“पोचते तवा पोचते, मॅडम. सामोर म्हशी हायेत.”

सातव्या महिन्यातली बाई दोन तास उलट्या करत राहिली तर काय होईल, याचा हिशेब मी करायचा नाही असं ठरवलं आणि पूर्ण रस्ताभर तोच केला.

शेलूबाजार हे हमरस्त्यावरचं बाजाराचं गाव. समृद्धी महामार्गानं येणाऱ्यांनाही उतरायला हेच सोयीचं. स्टँडजवळ कढीसोबत गरम आलुबोंडा चांगला मिळतो असं ऐकून होते. मी तिकडे पाहिलंही नाही. समोरच्या मेडिकलमध्ये शिरले. गल्ल्यावर कपाळाला केशराचा टिळा लावलेले वयस्कर जैन गृहस्थ होते. मी मीठ-साखरेच्या पाण्याची वीस पाकिटं मागितली.

“वीस? कोणाले जुलाब होऊन राह्यले काय?”

“अजून कोणालाच नाही,” मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. “आमचं बरं हाये, ताई,” पाकिटं मोजता मोजता ते म्हणाले, “छत्रीवालं, जमिनीच्या पोटातलं, काहीच खात नाई. लोक हसतात आमाले.” मग दुकानाच्या पायरीवर येऊन त्यांनीच हाक मारली, “ओ चाचा, या बाईले पयले सोडा किन्हीराजाले!”

चाचा म्हणजे जीपवाले. पांढरी दाढी, खांद्यावर रुमाल. जीपमध्ये दोनच माणसं होती आणि सवारी भरल्याशिवाय ती हलणार नव्हती. रिकाम्या सीटचे पैसे मी देते म्हटलं.

“घरी कोनी शिरियस हाये?”

“ते मला पोचल्यावर कळेल.”

त्यांनी किल्ली फिरवली. किन्हीराजाच्या पुढच्या फाट्यावर सोडताना फक्त माझ्या एकटीचे पैसे घेतले. “बाकीचं राहू द्या. माहा नंबर घ्या. मालेगावले, तालुक्याच्या दवाखान्यात न्या लागलं तं मी फाट्यावरच हावो.”

फाट्यापासून घर एक किलोमीटर. काळ्या मातीची वाट, चिखल चपलेला चिकटून पाव-पाव किलोचा होतो. पावसाळ्यात येणाऱ्यांनी पट्ट्याच्या चपला घालाव्यात. मी शेवटी हातात घेतल्या आणि चालले.

शोभा ओट्यावर भांडी घासत होती. दिनकरराव बाजेवर पडले होते. अकरा वाजत आले होते.

“या वैनी! आमी जेवलो बाई, तुमची वाट पाह्यली नाई. ह्यांले भूक आवरत नाई.”

“भाजी खाल्ली?”

“खाल्ली. दहाच्या आधीच. मनीषानं दोन वाट्या खाल्ली. तुमच्यासाठी ठुली हाये.”

मी बॅग खाली टाकली आणि विचारलं, चिरल्यावर टाकून दिलेलं कुठं आहे?

“आल्या आल्या उकिरड्यावर कायले जाऊन राह्यल्या?”

घरामागच्या उकिरड्यावर ते वरच पडलं होतं. काडीनं उलटलं. खवल्यांची सालं, मातीची बुडखं. आणि त्यांच्याखाली उभे दोन तुकडे केलेले सहा-सात पांढरे गोळे. आत पुस्तकाच्या पानांसारख्या पात्या. दांडीला कडं. टोपल्यात विषारी होत्याच, फोटोत मला दिसलं ते चुकीचं नव्हतं.

“मनीषा कुठं आहे?”

“निजली. जेवल्यावर जरा सुस्ती आली म्हने.”

आतल्या खोलीत ती कुशीवर पडली होती, हात पोटावर. मी नाव घेतलं, ती हलली नाही. खांदा धरून हलवलं. त्या दोन क्षणांबद्दल मी इथं लिहिणार नाही.

“काय झालं, मामीजी?” ती डोळे चोळत उठली.

मी हातातला तुकडा पुढं केला. “हे भाजीत टाकलं?”

“नाही. ते मीच फेकलं.” तिनं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. “ज्याच्या पोटात पानं आहेत अन् ओळखीचं नाही, ते आमच्याकडे नाही खात. माझी आई म्हणते, पोट पाहिल्याबिगर शिजवू नये.”

“मग भाजीत काय घातलं?”

“ज्याची दांडी आतून टोकापर्यंत गेली, अन् बाजूनं नुसता पांढरा लोण्यासारखा गर, तेवढंच.”

चाळीस वर्षांपूर्वी मी वहीत जी आकृती काढली होती, ती हीच. “पण मी लिहिलं होतं ते?” मी विचारलं.

“सासूआईनं वाचून दाखवलं. मला काही समजलं नाही. सकाळी तर सगळ्याच बंद राहतात, मामीजी.”

मी पलंगावर बसले. मग विचारलं, “सगळे चिरून पाहिलेस?”

तिनं दाराकडे पाहिलं. दारातून शोभा म्हणाली, “बारके बारके आठ-धा होते. ते म्या तसेच टाकले. बोराएवढे तं होते, त्यात काय चिराचं?”

भीती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. कढईत उरलेली भाजी मी ताटलीत ओतली. त्यात अख्खे तीन निघाले. ते उभे कापले. तिन्हींत दांडी टोकापर्यंत होती. पण बाकीचे पाच-सात तिघांच्या पोटात गेले होते आणि त्यांचं पोट आता कुणालाच पाहता येणार नव्हतं. उरलेली भाजी मी मातीत पुरली. मनीषाच्या डोळ्यांत पाणी आलं. शोभा तडकली.

“चांगली भाजी! पोरगी पंधरा दिवसांपासून म्हनून राह्यली. तुमचं कॉलेज म्हंजे एक बलाच हाये बाई.”

“हो, आहे,” मी म्हणाले आणि पाण्यात पाकीट सोडलं.

दुपारी दोनपर्यंत मी घड्याळ समोर ठेवून बसले. दर पंधरा मिनिटांनी विचारत होते: मळमळतं? पोटात कळ? बाळ हललं? मनीषा निमूट उत्तर देत होती. साडेबाराच्या सुमारास दिनकरराव बाजेवरून उठले, पोट धरलं आणि वाकले.

“वैनी… काहीतरी होऊन राह्यलं…”

मी चाचांचा नंबर लावला. घंटी वाजत होती. तेवढ्यात ते खदखदा हसले. “तुमचं तोंड पाहा आरशात! भूक लागली मले, दुसरं काई नाई.”

मी त्यांना काय बोलले ते शोभा अजून गावभर सांगते आहे. जावयाला असं कुणी बोलत नाही. पलीकडून चाचा विचारत होते, “आऊ काय, बाई? येऊ?” मी नको म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

दोन वाजले, तीन वाजले. कुणाला काही झालं नाही. चारला मनीषा म्हणाली, “मामीजी, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही.” ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या डाळीचं वरण. मी शोभाच्या समोर बसून खाल्लं.

ऊन उतरल्यावर मनीषानं मला बरड दाखवलं. घरामागून चढत जाणारा लाल-पिवळा मुरूम, त्यावर कुसळी गवत, तीन वारुळं. आणि वारुळांच्या पायाशी त्या. वीतभर उंच, ताठ, अंगावर पापुद्रे सुटलेले. एक जुनी होती, बोट लावताच आतून काळी-तपकिरी पूड सांडली, पण छत्री मिटलेलीच. बरणीतल्या तिच्यात आणि हिच्यात काहीही साम्य नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी फक्त आजूबाजूला दुसरी कुठली उगवली आहे का, तेच बघत होते. ती खाली होती, बरड संपून गोठ्याची कड सुरू होते तिथं, शेणखतानं काळ्या झालेल्या हिरव्यागार जागेत. दोघींत अंतर फार तर तीस पावलं.

“तोडताना दोन्हीकडून घेतलं?”

“सासूआईनं घेतलं. एकाच टोपल्यात,” मनीषा म्हणाली.

खालची एक फाकलेली छत्री आणून कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर उपडी ठेवली, वर पातेलं झाकलं. सकाळी पातेलं उचललं तर कागदावर बीजाणूंचं हिरवट चक्र उमटलं होतं, जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसला रंग. शोभानं वाकून ते पाहिलं. मग उडू नये म्हणून दाबावा तसा तिनं कागदावर हात ठेवला.

“वैनी, हे माह्या हातानं मी पोरीले देलं असतं.”

“माझ्या शब्दानं,” मी म्हणाले.

परतीचा प्रवास सरळ झाला. फाट्यावरून जीप, शेलूबाजारहून एसटी, दुपारी घरी. जाणाऱ्यांनी पाऊस ओसरताना जावं, मुक्काम मालेगाव किंवा वाशीमला सोयीचा. बरडावरची अळंबी बघा, फोटो काढा. या लेखावरून एकही खाऊ नका. कुणी विचारलं तर फोटोवरून उत्तर देऊ नका, मग तुम्ही कितीही शिकलेले असा.

घरी आल्यावर ती चुकीची ओळ आली कुठून, ते शोधलं. शोभाला ती मी नव्यानं लिहिलीच नव्हती. बॅग भरायच्या घाईत माझ्याच ब्लॉगवरून उचलून चिकटवली होती. दोन पावसाळ्यांपूर्वीच्या पातूरच्या टेकड्यांवरच्या लेखात ती होती. कालच मी ती काढून टाकली आणि तिथं तसं स्पष्ट लिहिलं.

त्या लेखाखाली बऱ्याच जणांनी फोटो छान आले म्हणून लिहिलं आहे. त्यांत एक प्रतिक्रिया अशी: ‘आमच्या बांधावर अशाच आल्या आहेत. न उघडलेल्या बघून उद्या आणते. धन्यवाद.’ नाव फक्त कुसुम, गाव लिहिलेलं नाही. खाली माझं उत्तर आहे: ‘जरूर.’ त्यानंतर त्यांचं काहीच नाही, त्या लेखाखालीही नाही आणि नंतरच्या कुठल्या लेखाखालीही नाही.

काल त्यांना तिथंच विचारलं. आज सकाळी पुन्हा विचारलं. कुसुमताई, हे वाचलंत तर एक ओळ लिहा. काहीही लिहा.