पाच तारखेचं लाल वर्तुळ

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणावरही माझा चटकन विश्वास बसत नाही, आणि स्वतःच्या बोटांवर तर मुळीच नाही. माझी आई स्तनाच्या कर्करोगाने गेली. तिला गाठ कळली तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून मी दर महिन्याला न्हाणीघराची कडी लावते, हाताला साबण घेते आणि तीन बोटांनी गोल गोल चाचपत काखेपर्यंत जाते. दरवेळी काहीतरी लागल्याचा भास होतो, घाम फुटतो, आणि ती बरगडी निघते.

पाळी थांबल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पाळीनंतरचा हिशेब नाही, एखादी तारीख ठरवून टाका. मी पाच तारीख धरली आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिच्याभोवती लाल पेनने वर्तुळ करू लागले. हे कॅलेंडर पुण्याहून मागवावं लागतं. काशीचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला, आणि सासूबाई सणवार आपल्याच हिशेबाने करतात. घर पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेल्या मराठी भिक्षुकांचं, तिथल्या पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीतलं. सोवळंओवळं अजून कडक.

गेल्या वर्षी एका पाच तारखेला डावीकडे, काखेच्या बाजूला, भिजलेल्या हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं. ती बरगडी नव्हती. मी कुणाला सांगितलं नाही. बोटंच खोटं बोलत असतील, पुढच्या महिन्यात बघू, असं ठरवलं. खरं म्हणजे मी घाबरले होते.

त्याच सुमारास सासूबाईंचं वागणं बदललं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या नैवेद्य स्वतः रांधू लागल्या. मी भरलेलं पाणी ओतून पुन्हा भरायच्या. मी देवघरात शिरले की पदर आवरून बाजूला व्हायच्या. मला वाटलं, यांना कळलंय. झोपेत बरळले की काय? नवरा मात्र निवांत पेपर वाचत बसायचा, त्याचाही मला संशय यायला लागला.

एका सकाळी त्या सोवळं नेसून कॅलेंडरपाशी उभ्या राहिल्या. मी अजून पारोशीच होते.

"सच सांग. तुझी अजून बंद नाही ना झाली?"

"काय?"

"पहिल्यापासून पाळीची खूण तू अशीच करत आलीस. मी सगळं बघते. हर महिन्याला गोल, आणि तश्शीच देवघरात वावरतेस. झूठ कशाला बोललीस?"

माझं डोकं फिरलं. "आई, तो गोल विटाळाचा नाही! छाती तपासायचा आहे. माझी आई कशानं गेली माहीत आहे ना तुम्हाला? आणि या खेपेला हाताला लागलंय काहीतरी!"

बोलून गेले आणि रडू कोसळलं.  सासूबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"कुठं?"

"आई, तुम्ही सोवळ्यात आहात."

"कुठं, ते दाखव."

मी त्यांचा हात धरून तिथं ठेवला. तांदळातले खडे शोधणारी ती बोटं हळूहळू फिरली आणि एका जागी थांबली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी नाही म्हणावं, एवढंच मला हवं होतं. पण या बाईला माझ्यासाठीसुद्धा खोटं बोलता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"आहे," त्या म्हणाल्या. "कशाची वाट बघत होतीस? चल, साडी बदल. मी येते बरोबर."

दहा वाजता आम्ही दोघी ओपीडीच्या रांगेत होतो. माझा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला होता. देव त्या दिवशी पारोसेच राहिले.