साडूभाऊंच्या माहितीपटात मी कुठंय?

आमच्या साडूइतका स्वतःच्या थोरपणाची जय्यत तयारी करून बसलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही. ताडकळसला त्यांचं बी-बियाणांचं दुकान. पण रविवारी टीव्हीवर थोरामोठ्यांच्या आयुष्यावरचा माहितीपट लागला, की गिऱ्हाईक दारात उभं राहून बोंबललं तरी हे हलत नाहीत. वर्षानुवर्षं चाललेली ती मालिका, दर आठवड्याला नवा थोर माणूस. "हे समदे संपल्यावर कुणाला घेतील, साडूभाऊ?" असं मला विचारतात आणि स्वतःच मिशीवरून हात फिरवतात.

आपल्यावर भाग निघणारच, ऐनवेळी धांदल नको, म्हणून आपल्याविषयी कोणी काय बोलायचं हे त्यांनी आधीच वाटून दिलंय. बाजाराच्या दिवशी दुकानात तालीम चालते. न्हाव्यानं म्हणायचं, "मी तवाच वळखलं होतं, ह्या डोक्यात कायतरी हाय." थोर माणूस शाळेत एकदा तरी नापास झालेला असतो, हा यांचा अभ्यास, ते सांगायचं काम म्हाताऱ्या गुरुजींकडे. गुरुजी पडले सरळ. म्हणाले, "अरे, तू तर पास झाला होतास. खोटं कसं बोलू?" साडू दोन दिवस धड जेवले नाहीत.

हसायला मीच पुढे, पण आतून नुसता जळत होतो. का, तर मला एक वाक्य नव्हतं! न्हाव्याला दिलं, पानवाल्याला दिलं, अहो, माझ्या बायकोला मेव्हणी म्हणून चांगली दोन मिनिटं दिली! ती भाकरी थापता थापता पाठ करायची, "आमचे दाजी लय दिलदार." मी म्हणालो, "मला कधी म्हणलीस का दिलदार?" तर म्हणते, "तुमच्यावर कुठं टीव्ही यायलाय?"

शेवटी एका रविवारी माझ्यानं राहवेना. जाहिराती लागल्या तसा मी भडकलोच, "साडूभाऊ, इतकी वर्षं दर रविवारी आमच्या झरीहून गाडी हाणत येतो मी. आन् तुमच्या आयुष्यात मलाच जागा न्हाई?"

त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "असं काय करायलाव? तुमी तिकडं बोलायला गेल्यावर हितं माझ्याजवळ बसून बघणार कोण? सोताचं कौतुक एकट्यानं बघायला लय लाज वाटंल मला."

मी खुर्ची आणखी त्यांच्याजवळ ओढली. टीव्हीवाले अजून ताडकळसला आलेले नाहीत. खरं सांगू? येऊच नयेत असं वाटतं. ते आले की साडूभाऊ सगळ्यांचे होतील.