ठसका न लागणारी चक्की

नोकर न ठेवता करता येणारे धंदे मोबाइलवर बघत बसायचा मला नाद आहे. त्या व्हिडिओंमधला माणूस एकटाच सगळं करतो, त्याच्या शर्टाला डाग पडत नाही आणि त्याच्या मागे मंद संगीत वाजत असतं. माझ्या मागे बायको उभी असते.

पहिला धंदा मेणबत्त्यांचा केला. नंदुरबारच्या मे महिन्यात त्या पेटवायच्या आधीच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दुसरा अळिंबीचा. पलंगाखाली काहीतरी उगवलं खरं, पण ते अळिंबीच आहे याची खात्री खाऊन करायला घरात कोणी तयार होईना. तेव्हा बायको म्हणाली, "आता एकच. तो बुडाला की शहाद्याला भाऊच्या दुकानात बसायचं."

भाऊ म्हणजे माझा मेहुणा. त्याचं पंप आणि पाइपांचं दुकान आहे. माणूस भला, पण उपदेश करायला लागला की गिऱ्हाईकसुद्धा पाइप न घेता निघून जातं. त्याच्या गल्ल्यामागे जन्म काढण्यापेक्षा मिरचीत लोळलेलं बरं, असं मनात आलं आणि तिथेच धंदा सुचला.

उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करायला बायका कांडपावर रांगा लावतात. रांग सोडून हलत नाहीत, कारण नजर हटली की आपली मिरची दुसरीच्या डब्यात. मग चक्कीच त्यांच्या दारात नेली तर? जुनी मालवाहू रिक्षा घेतली, मागे चक्की बसवली. वीज ज्याच्या दारात उभे राहू त्याची. मालक मी, ड्रायव्हर मी, हमाल मी.

चाचणी आमच्याच गल्लीत घेतली. आमचं घर पथारीला लागून, म्हणजे मिरची जिथे उन्हात पसरतात त्या मैदानाला. चक्की सुरू झाली, लाल धूळ उडाली. शेजारचे काका खाटेवर पेपर वाचत होते, ते वाचतच राहिले. पलीकडे झोळीत बाळ झोपलं होतं, त्याने कूससुद्धा बदलली नाही.

"काका, ठसका लागला का?"

"कसाना ठसका?" काकांनी पान उलटलं.

मला गगन ठेंगणं झालं. त्याच दुपारी रंगाऱ्याला बोलावून रिक्षावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: 'ठसका न लागणारी चक्की'. आमची गल्ली जन्मापासून तीच लाल हवा नाकात भरून वाढली आहे, आमच्या नाकांनी कधीच हात टेकले आहेत, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही.

उद्घाटन कुठे करावं? सरळ सासुरवाडीला. मेहुण्याला त्याच्याच दारात दाखवून द्यायचं होतं.

शहाद्याची हवा केळीच्या बागांची, गारेगार. जावई आला म्हणून ओट्यावर सतरंजी पडली, शेजारपाजार जमला. सासूबाईंनी वर्षाची मिरची पुढे केली. मी त्यांच्या स्वयंपाकघरात वायर टाकली आणि बटण दाबलं.

आधी समोरच्या घरातून एक शिंक आली. मग बाजूच्या. मग सगळी गल्ली एका सुरात खोकायला लागली. बंद कर म्हणायला मात्र कोणी धजेना, कारण जावयाला असं बोलायची आमच्याकडे रीत नाही. सासूबाई पदराआडून म्हणाल्या, "जवाई, च्या ठेवू का?" सासरे डोळे पुसत म्हणाले, "मशीन चांगलं शे." मेहुणा काहीतरी समजावायला पुढे आला, पण प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी शिंक. त्याचा उपदेश अर्ध्यात तुटलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं, भाऊ भारावला. मी मिरची आणखी टाकली.

शेवटी बायकोने आत जाऊन वायरच उपटली.

धूळ खाली बसली. ओट्यावर लाल डोळ्यांची माणसं, आणि मधे मी एकटा कोरडा. मेहुण्याने नाक पुसलं आणि रिक्षावरची अक्षरं मोठ्याने वाचली. "दाजी, उद्यापासून दुकानमा या."

मी मान खाली घातली. तेवढ्यात समोरची मावशी, जिची पहिली शिंक होती, पुढे आली. तिने चक्कीतलं तिखट चिमटीत घेतलं, हुंगलं आणि शिंकून म्हणाली, "बाजारना तिखटवर मी कधी शिंकनू नही. हाई आपलीच मिरची शे, डोळासमोर दळायनी. मन्ही पिशवी कव्हय लेतस?"

तिलाही आपली मिरची दळून हवी होती. तिच्या मागे दुसरी आली. मग तिसरी. अट एवढीच, की चक्की गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात लावायची, वारा सुटायच्या आत, सकाळी. वीज बाजूच्या शेतातल्या पंपावरून घ्यायची.

दुसऱ्या सकाळी मी पहिलं पोतं उचलायला वाकलो आणि अख्खी गल्ली धावली. जावई पोतं उचलतो आणि सासुरवाडी बघत उभी, हे लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील? सासऱ्यांनी एक टोक धरलं. मेहुण्याने दुकानाची किल्ली पोराकडे दिली, तोंडाला पंचा बांधला आणि दुसरं टोक धरलं. बायका आपापल्या मिरचीवर पहारा देत चाळणी मारत होत्या. मला खुर्ची दिली होती.

बायको सगळं बघून म्हणाली, "भाऊच्या दुकानाचं आता राहू द्या."

नोकर न ठेवण्याचा नियम मी आजही मोडलेला नाही. रंगाऱ्याकडून रिक्षावर 'ठसका हमखास' असं नवं लिहून घेतलंय. मेहुणा हंगामात रोज सकाळी पोती उचलायला येतो आणि पंच्याआडून मला धंदा कसा करावा ते समजावत राहतो. चक्की चालू असते. मला एक अक्षर ऐकू येत नाही.