शेवट आधी सांगायची रीत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माझ्या पुस्तकावर भरभरून बोलणाऱ्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — आणि तरी जीभ अडखळतेय.

माझी शैली म्हणे वेगळी आहे. गोष्टीचा शेवट मी आधी सांगते, मग सावकाश मागे येते. पहिल्याच पुस्तकात हा आवाज आला कुठून, असं लोक विचारतात. कुठून येणार? त्याआधी दोन वर्षं मी जे लिहीत होते ते इतकं गुळगुळीत, की माझं मलाच वाचवत नव्हतं.

पोशीरला माझी काकू राहते. तिला अक्षरओळख नाही. पेरणीआधी शेतात शेण-पालापाचोळा पसरून राब भाजतात, तेव्हा आगीवर नजर ठेवत ती बांधावर बोलत बसते. खोपोलीच्या ऑफिसातून रजा टाकून मी मुद्दाम जायचे. एकदा म्हणाली, "म्हस मेली. आता कशी मेली ते आयक." मग राबाची ठिणगी गोठ्यावर कशी गेली, दाव्याची गाठ कशी सुटेना, म्हैस तिच्याकडे कशी बघत राहिली — सांगताना तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. माझ्या अंगावर काटा आला. आणि मी काय केलं? ओढणीखालचा मोबाइल चालू आहे ना, ते चाचपलं.

तिला विचारलं नव्हतं. घरी येऊन शब्द न् शब्द उतरवला, फक्त तिचं नाव वगळलं. बाकीच्या गोष्टी तिच्याच चालीवर बेतल्या. चोरी ही, दुसरं काय?

कर्जतला माझा सत्कार झाला तेव्हा काकू ठेवणीतलं पातळ नेसून तिसऱ्या रांगेत बसली होती. तुमचा आवाज तुम्हाला कसा सापडला, असा प्रश्न आला. मी तिच्याकडे बघितलं — हो, नीट बघितलं — आणि माइकवर म्हणाले, "रोज लिहीत गेले, सापडला." तिने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी तिची सगळी रेकॉर्डिंग पुसून टाकली. कुणी ऐकलं तर, या भीतीने.

पुढे नातीने तिला पुस्तक वाचून दाखवलं. म्हैस आपलीच, हे तिने ओळखलं. सांगणं मात्र तिला माझं वाटलं. अशी माणसं का असतात हो? भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

यंदा राब भाजताना तिच्याशेजारी बसले आणि म्हशीची गोष्ट सांग म्हटलं. तिने सुरुवात केली, ओशाळली, थांबली. "मला नाय गं तसं जमत. तू लिवलंस तसंच वाच."

पुस्तक पिशवीत होतं. मी वाचलं. पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत एकही माझं नव्हतं. ती मान डोलावत ऐकत राहिली.

"कसं गं सुचतं तुला?" तिने विचारलं.

"सुचतं असंच," मी म्हणाले.